कटला की रोहू? आधी तोंड बघा

बाजारात हे दोन्ही मासे एकाच बर्फावर शेजारी पडलेले असतात आणि बरीच गिऱ्हाइकं दोघांनाही रोहूच म्हणतात. खाणाऱ्याचं त्यात फारसं बिघडत नाही. पण मुंबईतल्या पवई तलावाच्या काठावर गळ टाकून बसणाऱ्याने दोघांना एकच समजलं, तर अख्खी सकाळ फुकट जाते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी रॉड हातात देण्याआधी मासळी बाजारात पाठवतो. म्हणतो, फक्त तोंडं बघून या.

कटल्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, तोंड रुंद आणि वर वळलेलं, खालचा ओठ जाड. मिश्या नाहीत. रोहूचं डोकं लहान, अंग लांबट, खवल्यांवर तांबूस झाक. त्याचं तोंड किंचित खालच्या बाजूला, ओठांना झालर असते आणि नीट पाहिलं तर दोन बारीक मिश्याही दिसतात. दोघांचा संकरही होतो, त्यामुळे एखादा मासा मधलाच वाटला तर गोंधळू नका.

आता गळ किती खोल सोडायचा ते या तोंडावरून ठरतं. कटला वरच्या थरात चरतो. त्याच्या कल्ल्यांत बारीक दातांच्या फणीसारखी चाळण असते, तिच्यातून पाणी गाळून तो सूक्ष्म जीव खातो. म्हणून त्याला विरघळणारा चारा लागतो. पावाचा चुरा आणि भाजलेल्या चण्याचं पीठ एकत्र करून गोळा अगदी हलका दाबायचा. पाण्यात तो सुटत गेला पाहिजे, त्याचा ढग झाला पाहिजे. दहा फूट पाणी असेल तर मी गळ दोन-तीन फुटांवरच ठेवतो.

रोहू मधल्या थरातला. शेवाळ, कुजलेला पाला हे त्याचं खाणं, आणि तो कुरतडत खातो. त्याच्यासाठी कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून घट्ट गोळी करा, गळ लहान घ्या आणि त्याच पाण्यात पाच-सहा फुटांवर सोडा. खोली अंदाजाने धरू नका. आधी जड शिसं बांधून तळ मोजा, मग तरंगा, म्हणजे दोरीवर पाण्यात तरंगणारी खुणेची काडी, सरकवा.

तरंग्यावर नजर हवी. माझ्या पाहण्यात रोहू आधी चाचपतो, तरंगा थरथरतो आणि मग तिरका खाली जातो. झटका तेव्हा द्यायचा, थरथरीला नाही. कटला आमिष घेऊन वर येतो, त्यामुळे तरंगा उचलला जातो किंवा आडवा पडतो. नवशिक्याला वाटतं वारा आहे. तिथेच मासा जातो. लागल्यावर रोहू लांब पळतो, त्याला दोरी द्या. कटला जागच्या जागी जड ओढतो, तिथे घाई केली तर ओठ फाटतो.

पहाटे मासे वर येऊन हवा गिळताना दिसले तर ते भुकेले आहेत असं समजू नका. रात्रभर शेवाळाने पाण्यातला ऑक्सिजन वापरलेला असतो. ऊन चढेपर्यंत थांबा.

हे मासे पावसाळ्यात नदीच्या पुरात अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात सहसा नाही. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांना (कटला, रोहू याच गटातले) अंडी घालायला लावली आणि तळ्यांत सोडायला बीज, म्हणजे माशांची पिल्लं, मिळायची वाट मोकळी झाली. तळ्यातला मासा बहुतेक कुणीतरी सोडलेला असतो, म्हणून लहान मासा लागला तर परत सोडा. हात ओले करून धरा, खडकावर ओढू नका, ओल्या गोणपाटावर ठेवून गळ काढा.

पवईला बसायचं तर परवान्याची चौकशी आधी करा. आणि पाण्यात पाय सोडून बसू नका, तळ्यात मगरी आहेत. मासा काठाशी आणतानासुद्धा लांब दांड्याची जाळीच वापरा.