हॅम्बल नदीवरचा पहिला उन्हाळा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या साउथॅम्प्टनला नोकरीला किंवा जहाजावरच्या परीक्षांसाठी आलेली आपली मंडळी पहिल्याच मे महिन्यात मला विचारतात, "शिडाची होडी चालवायला शिकायचं आहे, हॅम्बलवर जाऊ का?" जा, अगदी जरूर जा. पण ही नदी लहान आहे आणि तिच्यावर होड्या फार. बर्सल्डनच्या पुलांपासून खाली वॉरसॅशपर्यंत दोन्ही अंगांना मरिना, म्हणजे होड्या ठेवायचे धक्के, मधे खांबांना बांधलेल्या होड्यांच्या रांगा, आणि त्या रांगांमधून उरलेल्या चिंचोळ्या वाटेने शनिवारी सकाळी सगळे एकदमच बाहेर पडतात. मी दाभोळच्या खाडीकाठी वाढलो. फेरीबोटीचा धक्का आणि नाखवांची आरोळी कानात घेऊनच इथे आलो, तरी पहिल्या उन्हाळ्यात गांगरून गेलो होतो.

सगळ्यात आधी उजवीकडून चालायची सवय लावा. इथल्या रस्त्यावर गाडी डावीकडून चालते, आपल्याकडेही तसंच, त्यामुळे हात आपोआप डावीकडे वळतो. पाण्यावरचा नियम उलटा. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नववा नियम सांगतो की अरुंद वाटेत आपल्या उजव्या काठाला धरून चला. आत शिरताना लाल खुणा डाव्या हाताला, हिरव्या उजव्या हाताला. हे मुंबई बंदरासारखंच आहे, तेवढं तरी नवीन शिकावं लागत नाही. वेगाची मर्यादा ६ नॉट, म्हणजे ताशी साधारण ११ किलोमीटर, पण गर्दीत त्याहून कमी ठेवा. तुमच्या मागे उठलेली लाट बांधलेल्या होडीत चहा करत बसलेल्या माणसाच्या हातावर उकळतं पाणी सांडू शकते.

दुसरा गैरसमज मी जवळजवळ प्रत्येक नव्या माणसाकडून ऐकतो: शिडाच्या होडीला इंजिनवाल्याने वाट द्यायची. समुद्रावर बहुतेक वेळा ते खरं आहे, पण अरुंद वाटेत नेहमीच नाही. तिथे वाटेबाहेर जाऊच न शकणाऱ्या मोठ्या होडीला शिडवाल्याने अडवायचं नाही, असा तोच नववा नियम सांगतो. म्हणजे समोरून खोल तळाची होडी मधल्या पाण्यातून येत असेल, तर तिच्या नाकासमोर वळण घेऊन "मी शिडावर आहे" असं म्हणता येत नाही. दोन शिडाच्या होड्या भेटल्या तर डाव्या अंगाने वारा घेणाऱ्याने बाजूला व्हायचं. दोघींना वारा एकाच अंगाने असेल तर वाऱ्याकडच्या होडीने. मागून पुढे जाणाऱ्याने, तो शिडावर असो की इंजिनवर, पुढच्यापासून दूर राहायचं. "स्टारबोर्ड!" अशी हाक ऐकू आली तर ती भांडायला मारलेली नसते. त्या माणसाला उजव्या अंगाने वारा आहे आणि तुम्ही त्याला पाहिलंय की नाही, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. हात वर करा, वळा, पुढे जा.

माझ्या मते या नदीवरचा खरा शिष्टाचार एकच आहे: तुम्ही काय करणार ते समोरच्याला लवकर आणि स्पष्ट कळू द्या. आपल्याकडच्या रस्त्यांनी आपल्याला फट दिसली की घुसायला शिकवलं आहे. त्या हुशारीने इथे समोरच्याचा जीव टांगणीला लागतो. पाच अंश इकडे, पाच अंश तिकडे असं करत राहिलात तर त्याला काहीच कळत नाही. वळायचं असेल तर लांबूनच, चांगलं ठळक वळा, म्हणजे तुमच्या होडीची दुसरी बाजू त्याला दिसेल. भोंग्याची भाषाही पाठ करा: एक छोटा आवाज म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन मागे फिरवतोय, आणि पाच म्हणजे तुझं काय चाललंय ते मला कळत नाही. पाच ऐकू आले की हातातलं काम टाकून आजूबाजूला बघा.

भरती-ओहोटी आपल्याला नवी नाही, पण इथली वागणूक वेगळी आहे. साउथॅम्प्टनच्या पाण्यात भरतीचा माथा दोनदा येतो आणि पाणी बराच वेळ वर रेंगाळतं. मग ओहोटी थोडक्या तासांत सगळं ओढून नेते, म्हणून तिचा जोर मोठा. माझ्या दुसऱ्या महिन्यात मी हे न जुमानता पाहुण्यांच्या पाँटूनला, म्हणजे तरंगत्या धक्क्याला, ओहोटीबरोबर, म्हणजे पाणी पाठीमागून ढकलत असताना, लागायला गेलो. इंजिन मागे टाकलं तरी होडी थांबेना. पुढच्या नव्या निळ्या होडीच्या बाजूला आमचं टोक घासलं, हातभर लांब पांढरी रेघ उठली. मालक होडीवर नव्हता. मी माझं नाव, फोन नंबर आणि काय घडलं ते कागदावर लिहून त्याच्या दोरीला बांधलं आणि हार्बर ऑफिसलाही कळवलं. रात्री त्याचा फोन आला. दुरुस्तीचं मग विम्यातून झालं, पण त्याने पहिल्यांदा विचारलं ते आमच्यापैकी कुणाला लागलं का. तेव्हापासून मी नेहमी पाण्याच्या तोंडाला तोंड देऊनच काठाला लागतो, मग त्यासाठी पुढे जाऊन वळून परत यावं लागलं तरी चालेल. तुम्हीही तसंच करा, आणि चूक झाली तर चिठ्ठी लिहिल्याशिवाय तिथून हलू नका.

उन्हाळ्यात जागा कमी पडते, तेव्हा होड्या एकमेकींना खेटून बांधतात. बाहेरच्या होडीतून काठावर जायचं तर आतल्या होडीच्या पुढच्या डेकवरून, हलक्या पावलांनी जा. बसायच्या जागेतून जाणं म्हणजे कुणाच्या स्वयंपाकघरातून न विचारता जाण्यासारखं. आधी विचारा, आपले फेंडर, म्हणजे होड्या घासू नयेत म्हणून मधे टांगायच्या गाद्या, आपणच लावा, आणि काठाला स्वतःची दोरीही बांधा, शेजाऱ्याच्या दोरीवर सगळा भार टाकू नका. रात्री शिडाच्या दोऱ्या डोलकाठीवर आपटणार नाहीत अशा ओढून बांधा. तो टकटक आवाज अख्ख्या रांगेची झोप उडवतो.

नदीच्या तोंडाबाहेर पडलात की मोठी जहाजं येतात, फॉलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची आणि साउथॅम्प्टनच्या कंटेनर धक्क्याची. कॅलशॉटजवळच्या खबरदारीच्या पट्ट्यात १५० मीटरहून लांब जहाजाच्या पुढे १००० मीटर आणि दोन्ही बाजूंना १०० मीटर अंतरात २० मीटरहून लहान होडीने शिरायचंच नाही. त्या जहाजाला तुम्हाला चुकवता येत नाही. रेडिओवर हॅम्बल हार्बर चॅनल ६८ वर, साउथॅम्प्टनचं जहाज वाहतूक नियंत्रण चॅनल १२ वर. ऐकत राहा. बोलायची गरज क्वचितच पडते.

लाइफजॅकेट पोहता येणाऱ्यांनीही घालायचं. इथलं पाणी थंड असतं, पडल्यावर पहिल्या काही क्षणांत श्वास आवरत नाही. १८२४ पासून काम करणारी आरएनएलआय ही जीवरक्षक संस्था सगळ्यांना एकच सांगते: हातपाय न मारता आधी पाठीवर तरंगा. संकटात रेडिओचा चॅनल १६, किंवा फोनवर ९९९ लावून कोस्टगार्ड मागा. मुलांना घेऊन जाणार असाल तर यात एक दिवसही चालढकल नको.

शिकायचं कुठे, तर होडीवाल्यांची राष्ट्रीय संघटना आरवायए हॅम्बलमध्येच आहे, आणि तिच्या मान्यतेच्या शाळा काठावर जागोजागी आहेत. खासगी होडी चालवायला परवाना लागत नाही म्हणून शिकणं टाळू नका.

पण पहिल्या शनिवारी होडीत चढूच नका. सकाळी वॉरसॅशच्या जेट्टीवर जाऊन दोन तास बसा. हॅम्बल गावाकडून येणारी गुलाबी फेरी बघा. होड्यांच्या गर्दीतून ती वाट काढताना चालवणारा वेग कधी कमी करतो, कुणासाठी थांबतो आणि कुणाच्या मागून जातो ते नीट पाहा. बाजूला पोरं दोऱ्या सोडून खेकडे पकडत असतील. डबे खाली ठेवलेले असतात, पाय जपून टाका.