प्रीमियर पद्मिनी गाडीची इग्निशन वायरिंग बदलताय? निदान या चुका तरी टाळा

चारही प्लग वायरी, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडून स्पार्क प्लगला जाणाऱ्या वायरी, एकदम उपटू नका. हे मी इतक्यांदा सांगितलंय की मी बॉनेट उघडलं की आता बायकोच म्हणते, "एका वेळी एक!"

ओळखीतल्या एका मुलाने वडिलांची बंद पडलेली पद्मिनी हातात घेतली. जुन्या वायरी काढून फेकल्या, डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या भागाची) कॅप लख्ख पुसली आणि नव्या वायरी १-२-३-४ अशा ओळीने खोचल्या. सेल्फ मारला की कार्ब्युरेटर शिंकायचा आणि सायलेन्सरमध्ये सुतळी बॉम्ब फुटायचा. पठ्ठ्याने कार्ब्युरेटर खोलला, मग पेट्रोल पंप बदलला. तीन रविवार घालवल्यावर मला फोन. या १०८९ सीसी इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना स्पार्क मिळण्याचा क्रम, १-३-४-२. म्हणजे एकटा पहिला सिलिंडर जागेवर होता, बाकी तिघांना स्पार्क भलत्याच वेळी मिळत होता.

सगळ्या वायरी काढून बसलाच असाल तर चारही प्लग काढा. पंख्याकडच्या पहिल्या भोकावर अंगठा ठेवा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून कुणाला तरी हळूहळू ढकलायला सांगा. अंगठा हवेने उचलला जाऊन पिस्टन अगदी वर आला की थांबा. आता रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली फिरणारा दांडा) जिकडे बघतोय ती एक नंबरची जागा. तिथून रोटर फिरतो त्याच दिशेने ३, ४, २. मी स्वतः मात्र आधी मोबाईलवर फोटो काढतो आणि प्रत्येक वायरीवर पांढऱ्या रंगाचे ठिपके देतो.

दुसरा माझा राग ग्रोमेटवर (पत्र्याच्या भोकात बसणारी रबरी कडी), म्हणजे ते न लावणाऱ्यांवर. स्विचकडून कॉइलला (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाला) जाणारी वायर पत्र्याच्या भोकातून नुसती ओढून घेतात. दोन रुपयांचं रबर, पण "नंतर लावू." गाडी हादरते, पत्रा वायरीचं कव्हर खात जातो. पुष्कळ जुन्या गाड्यांत या वायरीला फ्यूजच नसतो, त्यामुळे शॉर्ट झालं की डॅशबोर्डखालून धूर निघतो. आणि वायर पिळून वर टेप गुंडाळणं याला मी जोड म्हणतच नाही. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा डिंक वितळतो. मी थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबतो, वर डाग देतो, मग स्लीव्ह चढवतो. वेळ लागतो, लागू दे.

बाकीच्या नेहमीच्याच. बॅटरीची निगेटिव्ह वायर न काढता काम सुरू करणं. बॅलास्ट रेझिस्टर (करंट कमी करणारा रोधक) लागणारी कॉइल थेट १२ व्होल्टवर जोडून मग पॉइंट (कॉइलचा करंट चालू-बंद करणारे डिस्ट्रिब्युटरमधले संपर्क) जळतात म्हणून दुकानदाराशी भांडणं. प्लग वायर टोपीला धरायची सोडून मध्येच ओढणं. कार्बनच्या वायरी आतून टोकदार स्क्रू असलेल्या जुन्या कॅपमध्ये लावणं. तो स्क्रू तांब्याच्या तारेत घुसायला असतो, कार्बनमध्ये तो नीट पकडत नाही आणि गाडी मिसिंग मारते.

इंजिन बंद असताना स्विच ऑन ठेवून गाणी लावू नका. पॉइंट नेमके मिटलेले असले तर कॉइल तापून हातात धरवत नाही. त्या मुलाने तेही केलं होतं.