जपानला जाण्याआधी घरच्या घरी गोशुइनचो कशी बांधावी, आणि तिथे गेल्यावर ती कशी पुढे करावी

माझी आजी आखलेल्या वहीत ‘श्रीराम जय राम जय जय राम’ लिहायची. वही भरली की देवळात नेऊन द्यायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. जपानातले भाविक शेकडो वर्षांपूर्वी असंच करत. बौद्ध सूत्र हाताने उतरवून काढायचं आणि देवळाला अर्पण करायचं. फरक एवढाच, की देऊळ त्यांना त्याची पोच देई, लाल शिक्का मारलेली. त्या पोचेतूनच आजचं ‘गोशुइन’ आलं.

आता बहुतेक ठिकाणी सूत्र लिहून न्यावं लागत नाही. दर्शन घ्यायचं, थोडे पैसे द्यायचे, आणि तिथली व्यक्ती आपल्या वहीच्या एका पानावर काळ्या शाईने, कुंचल्याने देवतेचं किंवा देवळाचं नाव आणि तारीख लिहून त्यावर लाल शिक्के उमटवते. ही वही म्हणजे गोशुइनचो. ती आपल्या वहीसारखी शिवलेली नसते, पंख्यासारख्या घड्यांची असते. तिथल्या देवळांत ती सुंदर कापडी बांधणीत विकत मिळते. पण स्वतः बांधलेली वहीही चालते. जपानातही हौशी माणसं ती घरी बांधतात. हातकामाची आवड असणाऱ्याने जपानला निघताना करावं असं याहून चांगलं काम मला तरी माहीत नाही. तयारीला एक रविवार आणि वाळायला दोन दिवस पुरतात.

कागद

सगळं कागदावर अवलंबून आहे, म्हणून घाई करायची नाही. तिथे कुंचला शाईत चांगला भिजवून लिहितात. माझ्या पहिल्या वहीचा कागद दिसायला देखणा होता, पण त्याने शाई अशी शोषली की अक्षरं फुलली आणि मागच्या पानावर डाग उमटला. लिहिणाऱ्या बाईंनी काही न बोलता खाली दोन टिपकागद सरकवले. तेव्हापासून मी आधी चाचणी घेते. कागदाच्या तुकड्यावर चित्रकलेची काळी शाई जाड कुंचल्याने ओढायची, पाच मिनिटं थांबायचं आणि मागून बघायचं. कडा तुटक, केसाळ दिसल्या किंवा मागे डाग आला तर तो कागद दुसऱ्या कामाला ठेवावा.

जपानी वॉशी कोझो, मित्सुमाता, गाम्पी अशा झुडपांच्या सालींपासून करतात. तिचे धागे लांब असतात, म्हणून पातळ असूनही ती फाटत नाही. २०१४ साली युनेस्कोने वॉशी बनवण्याच्या तीन ठिकाणच्या परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्या. आपला हातकागद बहुतेक सुती चिंध्यांचा असतो. तोही उत्तम चालतो, मात्र दुकानात ‘साइझिंग केलेला’ मागायचा, म्हणजे शाई वर टिकते. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. जवळ राहत असाल तर कागद हाताळून निवडा. जाडी ९० ते १२० जीएसएम. त्याहून जाड घेतला तर घड्या फुगतात.

साधारण ५६ × ७६ सेंटिमीटरचे दोन मोठे ताव पुरतात. एका तावातून २४ × १८ सेंटिमीटरचे नऊ तुकडे निघतात, म्हणजे दोनांतून अठरा. वहीला तेरा लागतात, एक शाईच्या चाचणीला जातो. उरलेले चार ठेवून द्या, त्यांचं काम पुढे आहे. यंत्रावरचा कागद असेल तर तो कोणत्या दिशेला सहज वाकतो ते हाताने पाहा आणि घडी त्याच दिशेला येईल असे तुकडे कापा. उलट्या दिशेची घडी तडकते.

घड्या आणि खळ

प्रत्येक तुकडा मधोमध दुमडून १२ × १८ करायचा. चांगली बाजू आत. घडी नखाने दाबू नका, कागद चकाकतो. हाडाची पट्टी किंवा स्टीलच्या चमच्याची पाठ वापरा. तेराही तुकडे दुमडले की जड पुस्तकांखाली तासभर ठेवा.

एकच लांब पट्टी करून तिला घड्या घालायच्या, असं आपल्याला आधी वाटतं. पण तसं केलं तर पान एकपदरी राहतं आणि शाई पलीकडे जाते. त्यापेक्षा दुमडलेले तुकडे आलटून पालटून चिकटवावेत. पहिला तुकडा घडी उजवीकडे करून ठेवा. त्याच्याखाली दुसरा, घडी डावीकडे. पहिल्याची खालची बाहेरची बाजू दुसऱ्याच्या वरच्या बाहेरच्या बाजूला पूर्ण चिकटवा. मग तिसरा, पुन्हा घडी उजवीकडे. असे तेरा. उलगडून बघा: मधली सगळी पानं दुपदरी झाली, आणि प्रत्येक सांध्याच्या मागे दुसऱ्या तुकड्याची अखंड घडी आली. सांधा उसवायला जागाच उरत नाही. लिहिण्यासाठी दोन्ही बाजू मिळून २६ पानं मिळतात. पहिल्यांदा करताना खळ न लावता चार तुकड्यांची रंगीत तालीम करा, हाताला लगेच कळतं.

खळ घरी करावी. दोन टेबलचमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा, कपभर पाणी घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवा, गार करून फडक्यातून गाळा. जुने बाइंडर किडीसाठी त्यात मोरचूद घालत. मी घालत नाही, कारण तो विषारी आहे आणि माझी खळ स्वयंपाकघरात शिजते. दोन थेंब लवंगेचं तेल घालते. खळ पातळ लावायची, मधून कडांकडे. ओला कागद ताणतो, म्हणून चिकटवल्यावर हाताने न ओढता वरून कोरडा कागद ठेवून दाबायचं. प्रत्येक घडीत बटर पेपर सरकवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. पावसाळ्यात दोन रात्री.

पुठ्ठा आणि कापड

दोन मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचे १२.४ × १८.४ सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. चारही बाजूंनी दोन मिलिमीटर पुठ्ठा बाहेर राहतो आणि पानांच्या कडा वाचतात. कण्याला काही लावायचं नाही, वही दोन्ही बाजूंनी उघडली पाहिजे.

कापडासाठी मी खण वापरते. खणाची वीण घट्ट, काठ आयता मिळतो, आणि कपाटात एखादा न शिवलेला खण प्रत्येक घरात असतोच. कापडाला मागून पातळ कागद खळीने चिकटवून पूर्ण वाळवून घ्या, नाहीतर गोंद वर झिरपून डाग पडतात. ही एक पायरी टाळू नये. वाळलेलं कापड १६.४ × २२.४ कापून त्यावर मधोमध पुठ्ठा फेविकॉलने चिकटवा. कोपरे तिरके छाटा, पण पुठ्ठ्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या दीडपट जाडीइतकं कापड राहू द्या. आधी लांब बाजू आत वळवा, मग आखूड. शेवटी पहिल्या तुकड्याची वरची बाहेरची बाजू एका पुठ्ठ्याला आणि तेराव्याची खालची दुसऱ्याला चिकटवा. बटर पेपर, वजन, एक रात्र.

आतल्या टोकाला पेन्सिलीने आपलं नाव लिहून ठेवा. गर्दीच्या देवळात एका वेळी दहा-पंधरा वह्या जमा होतात. पानाच्या मापाचे पाच-सहा टिपकागदही कापून वहीत ठेवा.

तिथे गेल्यावर

आधी दर्शन, मग गोशुइन. हा क्रम सोडू नये. पोच मागायची तर आधी काही अर्पण केलेलं असावं, निदान नमस्कार. काही गर्दीच्या ठिकाणी मात्र वही आधी जमा करून क्रमांक घ्यायचा असतो. तशी पाटी असते, तिथे पाटीचं ऐका.

शिंतो देवस्थान, म्हणजे जिन्जा, असेल तर तोरीच्या कमानीपाशी किंचित झुकायचं आणि वाटेच्या मधून न जाता कडेने चालायचं, कारण मधली वाट देवाची. पाण्याच्या कुंडावर पळीने आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, पुन्हा डावा, आणि शेवटी पळी उभी करून तिचा दांडा धुवायचा. एका पळीत सगळं. गाभाऱ्यासमोर दोनदा वाकून, दोन टाळ्या, हात जोडून प्रार्थना, पुन्हा एकदा वाकायचं. इझुमोच्या देवस्थानात टाळ्या चार. बौद्ध देवळात टाळी वाजवायची नाही, शांतपणे हात जोडायचे. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. दानपेटीत पाच येनचं नाणं टाकायची पद्धत आहे, कारण ‘गो-एन’ या उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध असा होतो.

मग कचेरी शोधा. जिन्जात तिला ‘जुयोशो’ किंवा ‘शामुशो’ म्हणतात, बौद्ध देवळात ‘नोक्योजो’. ‘नोक्यो’ म्हणजे सूत्र अर्पण करणं. जुना अर्थ नावात तसाच राहिला आहे. साधारण सकाळी ९ ते दुपारी ४ ही वेळ धरून चाला. वहीचं प्लास्टिकचं वेष्टन काढा, हवं ते कोरं पान उघडा, त्यांना सुलट दिसेल अशी वही फिरवून दोन्ही हातांनी द्या आणि म्हणा, “गोशुइन ओ ओनेगाइ शिमासु.” एवढं पुरतं. दक्षिणा बहुधा ३०० ते ५०० येन, नाणी आधीच सुटी काढून ठेवा. दहा हजाराची नोट पुढे करू नये. लिहीत असताना बोलू नका, आणि विचारल्याशिवाय मोबाइल वर करू नका. परत घेताना पुन्हा दोन्ही हात, “अरिगातो गोझाइमास”, आणि लगेच टिपकागद. लाल शिक्क्याची शाई बराच वेळ ओली राहते.

पान कसं वाचायचं? उजवीकडे वर बहुधा ‘होहाइ’ लिहिलेलं असतं, म्हणजे आदराने दर्शन घेतलं. त्याच बाजूला तारीख, जपानी कालगणनेत: रेइवा ८ म्हणजे २०२६. मधोमध देवतेचं नाव. आणि बौद्ध देवळांतल्या मधल्या लाल शिक्क्यात पुष्कळदा एकच गूढ अक्षर असतं. ते नीट बघा. ते चिनी नाही, सिद्धम लिपीतलं संस्कृत बीजाक्षर आहे. अमिदा बुद्धाचं ‘ह्रीः’, कान्नोनचं, म्हणजे अवलोकितेश्वराचं, ‘स’. सिद्धम आणि आपली देवनागरी दोन्ही ब्राह्मीच्याच वंशातल्या. मी ते पहिल्यांदा ओळखलं तेव्हा वही हातात घेऊन कितीतरी वेळ तिथेच उभी होते.

या ओळखीची आणखी ठिकाणं आहेत. तोक्योत उएनोच्या शिनोबाझु तळ्यातल्या देवळात बेनझाइतेन आहे, म्हणजे आपली सरस्वती. आसाकुसाला सेन्सोजीची गर्दी झाली की तिथून चालत मात्सुचियामा शोदेनला जा. तिथला देव म्हणजे गणपतीचं जपानी रूप. मूर्ती दर्शनाला उघडी नसते, आणि नैवेद्य मोदकांचा नसून पांढऱ्या मुळ्याचा असतो.

थोडं जपून

प्रत्येक देऊळ गोशुइन देतंच असं नाही. क्योतोची निशी आणि हिगाशी होनगानजी ही जोदो शिनशू पंथाची मोठी देवळं ते देत नाहीत. सूत्र अर्पण करून पुण्य जोडायचं ही कल्पनाच त्या पंथाला मान्य नाही. तिथे आग्रह धरू नये. निचिरेन पंथाची देवळं ‘नामु म्योहो रेंगे क्यो’ हा मंत्र बहुधा फक्त त्यांच्यासाठी ठेवलेल्या स्वतंत्र वहीतच लिहून देतात. इतर देवळांचे शिक्के असलेल्या वहीत नुसतं ‘म्योहो’. वरळीच्या जपानी मंदिरात ढोलाच्या ठेक्यावर ऐकू येतो तो मंत्र हाच. आणि इसेच्या देवस्थानात नुसती तारीख आणि लाल शिक्का मिळतो, कुंचल्याचं झोकदार अक्षर नाही. ते पान कोरं वाटलं तरी मला सगळ्यांत आवडतं.

जपानात रेल्वे स्थानकांवरही मोठे रबरी शिक्के ठेवलेले असतात, आपले आपण उमटवायचे. १९३१ साली फुकुई स्थानकापासून ही प्रथा सुरू झाली. मुलांना तर फारच आवडतात. पण ते गोशुइनचोत मारू नका. एकाही पानावर असा शिक्का दिसला तर काही देवळं लिहून द्यायला नकार देतात, आणि त्यांचं बरोबर आहे. यासाठीच ते चार तुकडे ठेवले होते. एकात एक घालून मधल्या घडीवर तीन टाके घाला, १६ पानांची स्थानकांची वही तयार.

लिहिणारं कोणी नसेल, किंवा नववर्षाची गर्दी असेल, तर आधीच लिहून ठेवलेला सुटा कागद देतात. त्याला कमी समजू नका. फक्त हॉटेलवर चिकटवायची घाई नको. दोन जाड कागदांमध्ये सपाट ठेवून घरी आणा आणि चारही कोपऱ्यांना खळीचा एकेक ठिपका लावून पानावर बसवा. पूर्ण खळ लावली तर लाल शिक्का पसरतो.

घरी वही आडवी ठेवा, सुती फडक्यात गुंडाळून, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासोबत. कोकणात किंवा मुंबईत असाल तर जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा, आणि एखाद्या कोरड्या दुपारी वही पूर्ण उलगडून सावलीत उभी करा. पूर्ण पसरली की ती साधारण १.७ मीटर जागा घेते. आमच्याकडे ती बैठकीच्या खोलीत मधोमध उभी राहते, आणि दोन्ही बाजूंनी फिरून बघावी लागते.