रातांबे पिकले की पाऊस दारात: गावच्या घरी पहिल्यांदा आमसुलं करणाऱ्यांसाठी

कोकणात गावच्या घरी राहायला आलेल्या माणसाला परड्यातला आंबा लगेच दिसतो. कोकमाचं झाड मात्र एप्रिल संपत आला, खाली लाल-जांभळा सडा पडू लागला, की लक्षात येतं. तोवर हाताशी जेमतेम महिना-सव्वा महिना उरलेला असतो. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मे महिन्यांत, काही झाडं थेट जूनपर्यंत रेंगाळतात, आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस उतरतो. त्यामुळे या कामात आधी आभाळ बघायचं आणि मग काय करायचं ते ठरवायचं. सलग सहा-सात दिवस कडक ऊन मिळणार असेल तर आमसुलं. वळिवाचे ढग चढायला लागले की आमसुलांचा नाद सोडून आगळ, म्हणजे मिठात सुटलेला कोकमाचा रस, किंवा सरबताचा पाक. या दोन्हींना ऊन लागत नाही. नवखा माणूस बहुतेक उलट करतो: मे महिन्याची सुरुवात सरबतात घालवतो आणि शेवटच्या आठवड्यात आमसुलं खळ्यात पसरून आभाळाकडे बघत बसतो.

एका झाडावरची फळं एकदम पिकत नाहीत. दर चार-पाच दिवसांनी पूर्ण लाल झालेली तेवढीच काढायची. देठाजवळ पिवळट-हिरवं राहिलेलं फळ घेतलं तर साल फिकी वाळते आणि आमटीत रंग उतरत नाही. झाड उंच, फांद्या बारीक आणि लोंबत्या, आणि त्या फटकन मोडतात. वर चढण्यापेक्षा खाली जुनी चादर किंवा जाळी धरून फांदी हलवलेली बरी. मातीवर पडून फुटलेलं फळ आंबायला लागलेलं असतं. चिलटं घोंगावत असतील तर ते घेऊच नका, त्यातलं एक अख्ख्या घाण्याचा वास बिघडवतं. काढलेले रातांबे दोन दिवसांच्या आत फोडायचे.

भांड्यांचं आधी बघा. कोकम अतिशय आंबट. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, लोखंड यांना त्याचा रस लागला की धातू रसात उतरतो, चव कडवट होते, रंग काळवंडतो. स्टील, काच, चिनीमाती किंवा खाण्याच्या दर्जाचं प्लॅस्टिक, एवढंच वापरायचं. सुरीसुद्धा स्टीलची. हातावरचा जांभळा रंग दोन-तीन दिवस राहतो आणि कपड्यावरचा जातच नाही, म्हणून अंगावर जुनंच काहीतरी घाला.

फळं धुऊन फडक्याने कोरडी करायची, मधोमध कापून दोन वाट्या करायच्या, बिया आणि त्यांना चिकटलेला पांढरट गर वेगळ्या पातेल्यात काढायचा. दहा किलो रातांब्यांतून पाचेक किलो ओली साल निघते, वाळल्यावर ती एक-दीड किलोवर येते. पहिल्या वर्षी हा हिशेब न केल्यामुळे लोक एवढाल्या बरण्या आणून ठेवतात आणि त्यांचा तळसुद्धा झाकला जात नाही.

आता मीठ. एक किलो सालीला १०० ग्रॅम जाडं मीठ घ्यायचं, पण ते सालीवर भुरभुरवायचं नाही. बिया-गराच्या पातेल्यात घालून हाताने चांगलं कालवायचं. तासाभरात गर सुटतो आणि गडद, चिकटसर रस जमतो. सगळी मेहनत याच रसाची. पहिल्या दिवशी साली नुसत्याच, आतली बाजू वर करून उन्हात पसरायच्या. संध्याकाळी आत आणून या रसात बुडवायच्या, रात्रभर तशाच ठेवायच्या, सकाळी निथळून परत उन्हात. याला पुट देणं म्हणतात. चार पुटं तरी हवीत. दर पुटाला साल जास्त काळी, जास्त चकचकीत होत जाते. दोन पुटांत थांबलात तर साल वाळते, पण पातळ आणि फिकी राहते, आणि आमटीत एकाच्या जागी तीन टाकावी लागतात. शेवटच्या पुटानंतर मात्र दोन दिवस रसाशिवाय कोरडं ऊन द्यायचं.

सुपात किंवा बांबूच्या तट्ट्यावर पसरलं तर खालून वारा लागतो. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीवर खालच्या बाजूला पाणी साचतं आणि तिथूनच बुरशी धरते. वाळवण सूर्य मावळायच्या आत उचलायचं, कारण किनाऱ्याजवळची रात्रीची हवा दमट असते आणि दिवसभरात गेलेला ओलावा साल पुन्हा ओढून घेते. वर जुनी पातळ साडी टाकली की धूळ आणि माश्या दोन्ही सुटतात.

झालं की नाही हे कसं कळणार? आमसूल दोन बोटांत दुमडा. चामड्यासारखं वळलं, बोटाला ओल लागली नाही, तर झालं. चिकटलं तर आणखी एक दिवस. कडकन मोडलं तर जास्त वाळलं. खराब नाही, पण त्याचा चुरा होतो.

भरण्याआधी आमसुलं सावलीत पूर्ण गार होऊ द्या. उन्हातून उचलून गरम गरम बरणीत कोंबली की आत घाम धरतो, आणि गणपतीत झाकण उघडलं की वर पांढरी जाळी. जुलैत आमसुलं ओलसर दिसायला लागली तर लगेच घाबरू नका, मीठ हवेतलं पाणी ओढतं. बुरशीचा वास नसेल तर पाऊस उघडल्यावर एक ऊन दाखवलं की काम होतं. पांढरं नुसतं मीठ असेल तर ते पाण्यात विरघळतं. केसाळ असेल आणि कुबट वास येत असेल, तर बरणी रिकामी करा. धुऊन वाचवायच्या भानगडीत पडू नका.

आगळ सोपं. एक किलो सालीला १६० ग्रॅम मीठ, बरणीत एक थर सालीचा, एक मिठाचा. बरणीचं तोंड फडक्याने बांधायचं आणि रोज एकदा कोरड्या लाकडी डावाने खालचं वर करायचं. आठवड्याभरात साल आपला रस सोडते. मलमलीतून गाळून कोरड्या बाटल्यांत भरायचं. मीठ कमी करायचा मोह होतो. करू नका, तेच त्याला टिकवतं. कमी केलंत तर ते फसफसतं आणि बाटलीचं बूच उडतं. उरलेली साल वाळवून आमसूल म्हणून विकणारे आहेत. घरच्या माशाच्या कालवणात ती चालेल, कुणाला आमसूल म्हणून देऊ नये. आगळ सोलकढीत घालताना वरून मीठ घालायची घाई नको, आधी चव बघा. नव्या माणसाची पहिली सोलकढी हमखास खारट होते.

सरबतासाठी सालीच्या दुप्पट साखर, तसेच थर, तसंच आठवडाभर ढवळणं. तळाशी साखर राहिली की वरचा पाक पातळ होतो आणि आंबतो, म्हणून डाव तळापर्यंत गेला पाहिजे. जिरेपूड आणि मीठ सरबत करताना पेल्यातच घाला.

बिया फेकू नका. रस काढून झाल्यावर त्या धुऊन, चोळून, खडखडीत वाळवा. त्यांचं तेल पावसातही काढता येतं. वरची टरफलं कुटून पाखडायची, आतला गर बारीक वाटायचा आणि भरपूर पाण्यात मंद आचेवर उकळायचा. तेल वर तरंगतं. रात्रभर ठेवलं की सकाळी वर फिकट पिवळी जाड साय गोठलेली असते. ती काढून पुन्हा वितळवायची, त्यातलं पाणी पूर्ण आटेपर्यंत म्हणजे तडतड थांबेपर्यंत, मग गाळून कोमट असताना मुठीत वळायची. म्हणूनच या तेलाला मुठेल म्हणतात. पाण्याचा अंश राहिला तर महिन्याभरात खवट. भेगाळलेल्या टाचांना लावताना ते पळीत जरा गरम करावं लागतं, नुसतं घासून पसरत नाही.

झाड नसेल आणि लावायचं असेल, तर बियांचं रोप घेऊ नका. कोकमात नर-मादी झाडं वेगळी असतात आणि रोप नर निघालं हे कळायला सहा-सात वर्षं जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ किंवा ‘कोकण हातिस’ या जातींचं कलम घ्या. घेताना काडी बघा: आडव्या फांदीच्या काडीचं कलम झुडपासारखं जमिनीलगत पसरतं, उभ्या काडीचं सरळ वर जातं. दोन झाडांत २० फूट अंतर, दोन-दोन फुटांचा खड्डा मे महिन्यातच शेणखत घालून भरून ठेवायचा आणि पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावायचं. शेजारपाजारी एखादं नर झाड आहे ना, तेवढं विचारून घ्या. नसेल तर स्वतःच्या आठ-दहा कलमांत एक नराचं ठेवावं लागतं.