जपानी इंडी हॉरर गेम खेळायचाय? आधी कानांचा सेटअप करा

मोठ्यांसाठीचे जपानी इंडी (म्हणजे एकट्याने किंवा छोट्या टीमने बनवलेले) हॉरर गेम बरेच जण स्क्रीनशॉट बघूनच उडवून लावतात, ग्राफिक्स जुनाट आहेत म्हणून, आणि ज्यांनी घेतले ते लॅपटॉपच्या स्पीकरवर दुपारी जेवता जेवता खेळतात आणि मग काही भीतीच नाही वाटली असा रिव्ह्यू टाकतात. अहो कशी वाटेल, ह्या गेममध्ये निम्मं काम आवाज करतो.

तर हेडफोन. वायरवाले घ्या, महाग नसले तरी चालतील, ब्लूटूथमध्ये आवाज जरा मागून येतो आणि पावलांच्या आवाजात ते लगेच खटकतं. मग सेटिंगमध्ये जाऊन डॉल्बी, व्हर्च्युअल सराउंड असलं जे काही चालू असेल ते बंद करा. का, तर काही गेमचा आवाज बायनॉरल असतो, म्हणजे पुतळ्याच्या डोक्याला दोन्ही कानांत माइक बसवून रेकॉर्ड करतात, उजवीकडचा आवाज उजव्या कानाला सेकंदाचा बारीकसा भाग आधी पोचतो आणि तेवढ्यावरून मेंदूला दिशा कळते, त्यावर परत सराउंड चढवलं की सगळा काला होतो. मोनो ऑडिओ (दोन्ही कानांत एकच आवाज) चालू नाही ना तेही बघा, आणि डावा-उजवा उलटा घालू नका (हसू नका, होतं असं). पंखासुद्धा बंद. मे महिन्यात अवघड आहे, मान्य, मग रात्री उशिरा खेळा.

सुरुवात 'द एक्झिट 8' पासून करा, 2023 चा गेम आहे, एका संध्याकाळीत होतो. मेट्रो स्टेशनखालचा एकच पॅसेज परत परत येतो, काही वेगळं दिसलं तर मागे फिरायचं, नाही दिसलं तर पुढे जायचं, चुकलात की मोजणी परत शून्यावर. इथे धावायचं नाही, चालायचं, पोस्टर, छत, समोरून येणारा माणूस सगळं नीट बघत.

पण खरी मजा 'हिगुराशी' मध्ये आहे. 2002 साली टोकियोच्या कॉमिकेटमध्ये (हौशी लोकांनी बनवलेल्या कॉमिक्स-गेमची जत्रा) पहिला भाग हौशी गेम म्हणून विकला गेला, गोष्ट 1983 च्या जूनमधली, हिनामिझावा नावाचं खेडं, जे गिफू प्रांतातल्या शिराकावा-गो वरून घेतलंय. बॅकग्राउंडला फिल्टर मारलेले फोटो, कॅरेक्टर हाताने काढलेली, हात तर बटाट्यासारखे, मूळ गेममध्ये संवादांना आवाज नाहीत, आणि निवडायला पर्यायसुद्धा नाहीत, फक्त वाचत क्लिक करत जायचं. हा गेम आहे का पुस्तक ह्यावर भांडत बसू नका. स्टीम ह्या ऑनलाइन गेम-दुकानातल्या व्हर्जनमध्ये जुनी आणि नवी चित्रं बदलता येतात, मी जुनीच ठेवा म्हणेन, नव्यात सगळे फारच गोंडस दिसतात. ऑटो मोड (मजकूर आपोआप पुढे सरकणं) आणि स्किप बंद. पहिले काही तास मित्रमैत्रिणी नुसते पत्ते वगैरे खेळतात, कंटाळा येईल पण उड्या मारू नका, तिथे त्या मुलांची सवय लागते आणि मागे सिकाडा किड्यांचा आवाज चालू असतो तो ऐकू येईनासा होतो, आणि मग एखाद्या साध्या वाक्याला म्युझिक एकदम थांबतं. तिथे माउसवरचा हात काढा. जरा थांबा. मग पुढची क्लिक.

'युमे निक्की' (2004) फुकट आहे आणि त्यात जवळजवळ बोलणंच नाही. स्वप्नांत भटकायचं, 9 दाबलं की गाल ओढून मुलगी जागी होते. म्युझिकचे छोटे तुकडे फिरत राहतात, एका जागी उभं राहून ते डोक्यात बसू द्या, आणि मॅप उघडून बसू नका, मग काय उरलं.

हे गेम लहान मुलांसमोर नको. हिगुराशीत रक्तपात आणि मुलांवरचा अत्याचार आहे, युमे निक्कीत आत्महत्येचा विषय येतो, मन ठीक नसेल तर पुढे ढकला. हॉररमध्ये लाइट फ्लॅश होणं कॉमन आहे, फिट येत असेल कुणाला तर आधी वॉर्निंग वाचा.

आणि जुना जपानी गेम उघडल्यावर अक्षरांच्या जागी कचरा दिसला तर फाइल खराब नाहीये, विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये नॉन-युनिकोड प्रोग्रामची भाषा जपानी करा आणि रीस्टार्ट मारा.