सिलिंडर बंद ठेवणारी इंजिने आणि बाहेरचे एक्झॉस्ट: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

नागपुरात एक्झॉस्टचे काम शिकायला येणारी मुले, मग ती आयटीआयमधून आलेली असोत की अभियांत्रिकीची पदवी घेऊन, पाइप वाकवणे आणि टिग वेल्डिंग हाताखाली राहून बऱ्यापैकी शिकतात. त्याबद्दल मी काही सांगत बसत नाही. मात्र कमी भार असताना ज्या इंजिनातील काही सिलिंडर आपोआप बंद होतात, त्या गाडीला बाहेरचा, म्हणजे मूळ कंपनीचा नसलेला, एक्झॉस्ट निवडून देणे हे निराळे काम आहे, आणि त्याने मला जितके छळले तितके दुसऱ्या कशानेही छळलेले नाही.

आपल्याकडे अशी इंजिने फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आणि स्कोडा स्लाव्हिया यांच्या 1.5 लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल) प्रकारात येतात. तेथे दुसरा आणि तिसरा सिलिंडर बंद होतो. या गाड्यांना स्पोर्ट्स कार म्हणावे की नाही हा वाद वेगळा, पण ग्राहकाची हौस तीच असते. अमेरिकेत शेवरले कॉर्व्हेटच्या 6.2 लिटर व्ही8 (दोन रांगांत चार-चार सिलिंडर) इंजिनात 2014 च्या मॉडेलपासून ही सोय आहे. शेवरलेच्याच सहाव्या पिढीच्या कॅमॅरो एसएसमध्ये ती फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबत मिळत असे, मॅन्युअलमध्ये नाही. त्यामुळे नुसते मॉडेल ऐकून किट मागवणे हा शुद्ध गाढवपणा आहे.

आता खरा सापळा. सिलिंडर बंद असतानाचा आवाज गॅरेजमध्ये कधीही ऐकू येत नाही. गाडी आयडलवर असो वा जागेवर रेस केलेली असो, सगळे सिलिंडर चालूच असतात, आणि ग्राहक खूश होऊन पैसे देऊन जातो. तीच गाडी समृद्धी महामार्गावर शिर्डीच्या दिशेने शंभरच्या स्थिर वेगाने धावू लागली, पाय ॲक्सिलरेटरवर जेमतेम टेकलेला असला, की निम्मे सिलिंडर बंद होतात आणि केबिनमध्ये घूं घूं असा आवाज भरतो. मागच्या सीटवर बसलेल्याचे डोके दुखू लागते. परत आल्यावर ग्राहक कोणाला बोलणार, हे वेगळे सांगायला नको.

याचे कारण साध्या गणितात आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणून 1500 आरपीएमला (मिनिटाला 1500 फेऱ्या) आठ सिलिंडरचा मुख्य सूर 100 हर्ट्झ असतो, तर चार चालू राहिल्यास तो 50 वर उतरतो. घुमणारा आवाज मारण्यासाठी आपण बाजूला जी बंद तोंडाची नळी जोडतो, तिची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या पाव हिस्सा लागते. गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 500 मीटर धरला, तर 100 हर्ट्झसाठी सव्वा मीटर नळी पुरते, पण 50 हर्ट्झसाठी अडीच मीटर लागते, आणि ती गाडीखाली बसवायला जागा नसते. सव्वा मीटरची नळी तर 50 हर्ट्झवर जवळपास निरुपयोगी ठरते.

व्ही8 मध्ये आणखी एक मेख आहे. जीएमच्या (शेवरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या) या इंजिनांत 1, 4, 6 आणि 7 हे सिलिंडर बंद होतात आणि उरलेले 8, 2, 5, 3 या क्रमाने पेटतात. म्हणजे आधी एकाच बाजूचे लागोपाठ दोन, मग दुसऱ्या बाजूचे दोन. दोन्ही बाजूंचे पाइप शेवटपर्यंत स्वतंत्र ठेवले, तर प्रत्येकातून दोन धक्के आणि मग पोकळी असा लंगडा ताल निघतो. त्यामुळे एक्स पाइप (दोन्ही पाइप मध्येच एकमेकांना जोडणारा तुकडा) काढून टाकायला सांगणाऱ्या कोणाचेही, अगदी तुमच्या उस्तादाचेही, ऐकू नका. गाडी जागेवर रेस करून कानाने पारख करणारे उस्ताद मी पुष्कळ पाहिले आहेत. जुन्या इंजिनांवर त्यांचा हात खरोखर चांगला असतो, पण येथे तो अनुभव पुरत नाही.

एवढे वाचून घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. टीएसआयमध्ये टर्बोचे टर्बाइन धक्के बरेच मऊ करते, त्यामुळे मधला रेझोनेटर (घुमणारा आवाज मारणारा डबा) कायम ठेवून फक्त मागचा मफलर, म्हणजे सायलेन्सर, बदलला तर सहसा निभावते. धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तुरुंगवासही होऊ शकतो, आणि लायसन्स निलंबित होते ते वेगळेच.

ओबीडी पोर्टमध्ये (गाडीचा संगणक तपासण्याच्या सॉकेटमध्ये) खोचून सर्व सिलिंडर कायम चालू ठेवणारी यंत्रे बाजारात मिळतात. मला ती आवडत नाहीत, कारण इंधनाची बचत जाते आणि आपल्या निवडीतला दोष झाकला जातो. कॉर्व्हेटसाठी निम्म्या सिलिंडरचा विचार करून, व्हॉल्व्हसह बनवलेले संच मिळतात; महाग असले तरी तेच सुचवा.

काम स्वीकारण्यापूर्वी मूळ सायलेन्सर असतानाच स्कॅन टूल लावून गाडी बाहेर रिंग रोडवर न्या, एकसारख्या हलक्या पायाने चालवा, आणि सिलिंडर किती आरपीएमला व किती भारावर बंद होतात ते लिहून घ्या. नवा मफलर बसल्यावर नेमक्या त्याच आरपीएमवर, काचा वर करून, ग्राहकाला मागच्या सीटवर बसवून पुन्हा फिरवा, आणि बिल त्यानंतरच करा.