बिल्डरकडून दवाखाना बांधून घेताना या चुका टाळा

विकास आराखड्यात दवाखान्यासाठी आरक्षित भूखंडावर मालकाने दवाखाना बांधायचा, तो पालिकेला विनामूल्य द्यायचा आणि बदल्यात चटईक्षेत्र (म्हणजे बांधकामाचा हक्क) घ्यायचं, अशी सोय मुंबईच्या डीसीपीआर 2034 या विकास नियमावलीत नियम 17 खाली आहे. तिजोरीतून रोख जात नाही, म्हणून वॉर्डात सगळे याला ‘फुकटचा दवाखाना’ म्हणतात. पहिली चूक इथेच होते. मुंबईत चटईक्षेत्र म्हणजे रोकडाच. तो शहराने मोजलाय, तेव्हा माल पारखून घ्यायला संकोच कसला?

सगळ्यात महाग पडते ती नकाशावरची चूक. मंजुरीच्या वेळी चौरस मीटर जुळले की काम झालं असं धरतात. टॉवरचे कॉलम वरच्या फ्लॅटच्या सोयीने पडतात, आणि मग तपासणीच्या खोलीत मधोमध खांब येतो, स्ट्रेचर वळतच नाही. खिडकी उघडते ती पोडियमच्या पार्किंगमध्ये. क्षयरोगाचा खोकणारा रुग्ण ज्या खोलीत बसणार, तिला बाहेरची मोकळी हवा लागते, गाड्यांचा धूर नव्हे. लसींचा फ्रिज 2 ते 8 अंशांवर राहायला हवा, म्हणजे स्वतंत्र मीटर आणि इन्व्हर्टरची जागा आधीच हवी. जैववैद्यकीय कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्याची गाडी सोसायटीच्या गेटमधून येणार असेल, तर पहिल्याच आठवड्यात भांडण ठरलेलं. म्हणून आयओडीच्या (बांधकामाच्या सुरुवातीच्या मंजुरीच्या) आधी वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्याला नकाशा दाखवा आणि खोलीवार यादी मंजुरीच्या अटींना जोडून घ्या. रस्त्यावरून थेट वेगळं दार असलंच पाहिजे, यावर तडजोड नको.

सांगाडा उभा राहिला असेल तर? खांब हलत नाही, खोल्या हलवता येतात. खांबाच्या जागी औषधांचं स्टोअर न्या आणि बाहेरच्या भिंतीलगतची खोली तपासणीला द्या. पार्टिशन विटांचं व्हायच्या आत हे बोला, नंतर बिल्डर फोन उचलत नाही.

ताबा शेवटी घेऊ म्हणणं हीसुद्धा चूकच. वरचे फ्लॅट विकले गेले की दवाखान्याची घाई कुणालाच राहत नाही. विक्रीच्या इमारतीची ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) दवाखान्याच्या हस्तांतरणाशी बांधलेली आहे की नाही, हे अटींच्या कागदात वाचून घ्या. कागद मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा. लिफ्ट, पाणी, गळती यांचा देखभाल खर्च पालिका देणार की सोसायटी, तेही त्यातच लिहिलेलं हवं.

बिल्डर भिंती देतो, डॉक्टर देत नाही. शहरी आरोग्य अभियानाचा ढोबळ निकष 50,000 लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा आहे. पण पदं मंजूर नसतील तर चकचकीत टाइल्सच्या खोलीला कुलूप लागतं. पदांचा प्रस्ताव पाया खणतानाच निघाला पाहिजे, उद्घाटनाच्या पत्रिकेबरोबर नाही.

आणि जिथे मालक काहीच बांधत नाही, तिथे एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याचं कलम 127 बघा. विकास आराखडा अमलात येऊन 10 वर्षं झाली की मालक नोटीस देऊ शकतो. 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण उडतं. मुंबईचा आराखडा 2018 चा आहे. आपल्या वॉर्डात दवाखान्यासाठी आरक्षित भूखंड किती पडून आहेत, ती यादी 2028 उजाडायच्या आत काढून ठेवा.